पाहुणे टाळून तळ्यापर्यंत

"डाव्या अंगाला कुणीबी बघायचं न्हाई. बघितलं की संपलं."

हे वाक्य तंबूच्या कापडातून आत आलं तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. मी जागी होते, पण झोपल्यासारखी पडून होते. माणसं जमली की मी हे बरेचदा करते.

"आणि उजव्या?" बाहेर काकूंनी, म्हणजे आमच्या घरमालकांच्या बायकोने, विचारलं.

"उजवीकडं धरण. पाण्यात आपलं कुणी न्हाई."

"होतं की. तुमच्या आत्याचं अख्खं गाव गेलंय त्यात."

"ते कवाच उठून वर आलं. म्हणून तर सांगतूय, डावीकडं बघू नका."

मी तंबूची चेन उघडून डोकं बाहेर काढलं. आमचे घरमालक पाण्याकाठच्या ओल्या मातीत उकिडवे बसले होते. अंगात बंडी, खाली लेंगा, डोक्यावर टोपी आणि पायात भाच्याने दिलेले निळे पळायचे बूट. समोर त्यांनी काठीने एक लांब, वाकडी रेघ ओढली होती. रेघेच्या अलीकडच्या टोकाला आमचा कॅम्प म्हणून चहाचा कप पालथा घातला होता. पलीकडच्या टोकाला तळं म्हणून आईची स्टीलची ताटली होती आणि तळं कोरडं दिसू नये म्हणून तिच्यात पाणीही ओतलं होतं. मधे, रेघेच्या डाव्या बाजूला, दगड मांडलेले होते.

"या तलाठी," ते मला म्हणाले. "मोजा. किती?"

"नऊ."

"नऊ पाहुणे. बत्तीस किलोमीटरात. आता सांगा, माणसानं निवांत जायाचं कसं?"

मी कप उचलायला गेले तर ते ओरडले, "कॅम्प हलवू नका!"

मोबाईलमधला नकाशा मालकांना कधी पटला नाही. त्यात रस्ता दिसतो, माणूस दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. गावांची नावं ते फार कमी घेत. गावं त्यांना माणसांच्या नावानेच ठाऊक होती, आणि माणसं नात्याच्या. "साडूच्या अलीकडं पेट्रोल पंप हाय, तिथनं उजवीकडं वळायचं, मामेभावाला वळसा घालायचा की सरळ." धायरीत राहायला आलो त्या पहिल्या आठवड्यात बाबा त्यांना गॅसच्या एजन्सीचा पत्ता विचारायला खाली गेले आणि पाऊण तासाने वर आले. आईला म्हणाले, "पत्ता नाही कळला. पण घराण्याची माहिती बरीच मिळाली."

पाहुणा म्हणजे घरी जेवायला येणारा माणूस, एवढंच मी शाळेत शिकले होते; मालकांच्या बोलीत पाहुणा म्हणजे नातेवाईक. माझी शाळा इंग्रजी. आमच्याकडे अंकल, आंटी आणि कझिन अशा तीन शब्दांत सगळी माणसं बसायची. मालकांना 'कझिन' या शब्दाचा मनापासून राग होता. "म्हंजी नक्की कोण? चुलत, मामे, आत्ये का मावस? चार गाड्या एकाच स्टॉपला उभ्या करता तुम्ही आन् वर विचारता, गर्दी का झाली." साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, व्याही म्हणजे मुलीचा सासरा आणि मेहुण्याने आपल्याला 'दाजी' म्हणायचं असतं, हे मला त्यांनी जिन्यात उभं करून शिकवलं. नंतर तोंडी परीक्षा घेतली. मी पास झाले, पण आवाज फार बारीक म्हणून दोन मार्क कापले.

तलाठी हे नावही त्यांनीच ठेवलं. "ही पोरगी बोलत न्हाई, पर सगळं टिपून घेती. तलाठी हाय ही. एक दिवस आपला सातबारा उघडून दाखवंल." मला ते नाव आवडायचं. हेही मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आमची इमारत त्यांच्याच शेतात उभी होती. शेत गेलं होतं, पण त्यांच्या डोक्यातली पिकं जागच्या जागी होती. आमचा हॉल म्हणजे त्यांची भेंडी. स्वयंपाकघर अर्धं वांगी आणि अर्धं पाट. आईच्या फोडणीचा वास खाली गेला की म्हणायचे, "वांग्यात काय शिजतंय आज?" पार्किंगमधे गाडी वाकडी लावली तर, "वहिनी, मिरची तुडवली तुम्ही."

भाडेकरू ठेवतानाही ते आधी नातं शोधत. तिथे बाबांनी त्यांना फार त्रास दिला. आम्ही यवतमाळकडचे. पहिल्या भेटीत मालकांनी चार तालुके, सहा आडनावं आणि एक साखर कारखाना चाचपून पाहिला. काहीच लागेना. त्यांचा चेहरा उतरला. "एवढ्या मोठ्या जिल्ह्यात आपलं कुणीच न्हाई?" हे त्यांनी अशा सुरात विचारलं की बाबा ओशाळून "माफ करा" म्हणाले. आठ दिवसांनी मालक सकाळी सकाळी दार वाजवत आले. त्यांच्या चुलतभावाच्या मुलीचा नवरा बँकेत होता आणि त्याची दोन वर्षं यवतमाळला बदली झाली होती. "म्हंजी तसं बघाय गेलं तर आपण पाहुणेच की!" त्यांनी आईच्या हातात वांगी ठेवली. वांगी बाजारातली होती, पण म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरातलीच समजा."

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही 'यवतमाळकडचे पाहुणे' होतो. आणि त्या रविवारी, धरणाच्या काठावर, आम्ही त्यांना सांगणार होतो की आम्ही घर सोडतोय.

खरं म्हणजे सगळं माझ्यामुळे होतं. मला हडपसरला नोकरी लागली होती. धायरीहून जाऊन-येऊन रोजचे साडेतीन तास जायचे. घरी आले की मी बूटसुद्धा न काढता सोफ्यावर पडायचे, म्हणजे भेंडीत. बाबा निवृत्त झाले होते, त्यांना कुठेही राहून पेपरच वाचायचा होता. आम्ही हडपसरला घर बघितलं, घेतलं, महिन्याअखेरीला सामान हलवायचं ठरवलं. फक्त मालकांना सांगायचं राहिलं. आई म्हणाली, तुम्ही सांगा. बाबा म्हणाले, आज उद्या सांगतो. बाबा एकदा खाली गेलेही. परत आले ते हातात कढीपत्त्याची फांदी घेऊन. पुढच्या वेळी आई गेली. नेमकं तेव्हाच मालकांनी तिला विचारलं, "वहिनी, दिवाळीच्या आधी तुमचं स्वयंपाकघर रंगवून घेतो. रंग कुठला?" आईला खरं सांगता येईना आणि गप्पही बसता येईना. तिने पिस्ता सांगितला.

आता रंगारी सोमवारी येणार होता.

मग बाबांनी ही सहल काढली. मालकांना आणि काकूंना घेऊन दोन दिवस बाहेर जायचं, वाईच्या पलीकडे पाण्याकाठी तंबू मिळतात तिथे शनिवारी मुक्काम करायचा, रविवारी निवांत घाटावरच्या तळ्याच्या गावी जायचं, आणि तळ्याच्या काठावर बसून सांगायचं. "माणूस पाण्याकडे बघत असला की रागावत नाही," बाबा म्हणाले. हे त्यांना कुणी सांगितलं मला माहीत नाही. आमच्या तंबूसमोरही पाणीच होतं, मग आज सकाळी इथेच का नाही सांगत, असं मी मनात म्हणाले. मी बरंच काही मनातच म्हणते.

कॅम्पिंगबद्दल मालकांचं मत वाईट नव्हतं, पण ते चकित झाले होते. "आमच्या बापानं जल्मभर रानात झोपून काढलं, त्याला कुणी कॅम्पिंग म्हणलं न्हाई. म्हातारा उगाच स्वतःला गरीब समजत मेला." तंबूत शिरायला त्यांनी नकार दिला. त्यांनी घरून स्वतःची बाज आणली होती. सुंभाने विणलेली, चार पायांची, लाकडी बाज, जीपच्या टपावर दोरीने आवळून. तंबूवाल्याने बाज बघितली आणि एक खुंटी उपटून तिला जागा करून दिली. रात्री तंबूच्या रांगेत आमच्या दोन तंबूंच्या मधे एक बाज आणि बाजेवर वाकळ पांघरून मालक. शेजारच्या तंबूतल्या तरुण जोडप्याने त्यांच्यासोबत फोटोही काढून घेतला.

तर सकाळी तो दगडांचा नकाशा. काकूंनी पोहे केले होते आणि वाढायला ताटल्या कमी पडत होत्या.

"ते तळं द्या इकडं," काकू म्हणाल्या.

"थांब, अजून पोचलो न्हाई."

"तुम्ही पोचायच्या आत पोहे गार व्हतील." काकूंनी तळं ओतून दिलं, पदराने पुसलं आणि त्यात बाबांना पोहे वाढले.

मालकांनी मग काठीने रेघ गिरवत योजना सांगितली. साडेआठला निघायचं, कारण तोपर्यंत पहिला पाहुणा डेअरीवर जातो. दुसरा आणि तिसरा रस्त्यापासून आत राहतात, त्यांची भीती नाही. चौथा चुलत मेहुणा, त्याचं टायरचं दुकान अगदी रस्त्यावर. तिथे सगळ्यांनी खाली वाकायचं. सहावा आत्याचा मुलगा, तो बारा वाजता जेवतो, त्याच्या आत निसटायचं. आठवा दगड बाकीच्यांहून मोठा होता.

"हा कोण?" बाबांनी पोह्यांचा घास थांबवून विचारलं.

"व्याही," मालक हळू आवाजात म्हणाले. "लेक दिलीय तिथं. तिथनं न थांबता गेलो आन् त्यांनी बघितलं, तर मग काय खरं न्हाई."

"मग थांबूया ना त्यांच्याकडे," आई म्हणाली. "पाच मिनिटं."

मालकांनी आईकडे दयेने बघितलं. "वहिनी, व्याह्याकडं पाच मिनिटं थांबाय आधी दोन दिवस लागतात."

"दारावरनं गेले आन् पाणीबी प्यायले न्हाईत." या एका वाक्याला मालक जेवढे घाबरत तेवढे कुठल्या कोर्टाच्या कागदालाही घाबरत नसत, आणि जमिनीपायी त्यांनी कोर्टाचे कागद पुष्कळ बघितले होते. एका दारात थांबलं की दुसऱ्यात थांबावंच लागतं, कारण संध्याकाळपर्यंत पहिला दुसऱ्याला सांगतो. म्हणून एक तर नऊच्या नऊ, नाही तर एकही नाही. निवांतपणाची त्यांची व्याख्या एवढीच होती: ज्या रस्त्याला आपलं कुणी नाही तो रस्ता. शनिवारी आम्ही हायवेने आलो तेव्हा ते म्हणालेच होते, "सरकारनं एवढं एक काम बरं केलं. हायवेला कुणी राहत न्हाई."

साडेआठला जीप निघाली. मालक चालवत होते, शेजारी बाबा, मागे काकू, आई आणि मी. पहिला दगड खरंच डेअरीवर गेला होता. दुसरा, तिसरा मागे पडले. मालक खुशीत आले, आरशातून मला म्हणाले, "तलाठी, लिहा. तीन गाव, शून्य चहा."

टायरचं दुकान जवळ आलं. "वाका!" मालकांनी हुकूम दिला. आम्ही चौघं वाकलो. स्वतः मालकांनी टॉवेल नाकापर्यंत गुंडाळला. काकूंचं डोकं माझ्या गुडघ्याला लागलं होतं आणि त्या तशा अवस्थेतही पुटपुटत होत्या, "माझ्याच माहेरात मी चोरावानी."

त्या टॉवेलवरून मला बारावीचं वर्ष आठवलं. प्रवेश परीक्षेचं केंद्र सदाशिव पेठेत आलं होतं. त्या सकाळी ठरलेला रिक्षावाला आलाच नाही आणि बाबा गावी गेलेले. मालक मोटरसायकल काढून उभे राहिले. धायरी ते सदाशिव पेठ म्हणजे त्यांचे तीन पाहुणे. भाजी आणायला सिंहगड रस्त्याला गेलेला हा माणूस दोन-दोन तास परत येत नसे, त्यामुळे आईने देवापुढे दिवा लावला तो माझ्या पेपरासाठी नव्हता. पण मालकांनी टॉवेलने तोंड बांधलं आणि गाडी जी सोडली ती थेट. एका सिग्नलला शेजारी थांबलेल्या स्कूटरवाल्याने निरखून बघितलं आणि विचारलं, "दाजी?" मालक समोरच बघत राहिले. मग असल्या शुद्ध मराठीत, जी मी त्यांच्या तोंडून आधी किंवा नंतर कधी ऐकली नाही, ते म्हणाले, "क्षमा करा. आपला काहीतरी गैरसमज होतो आहे."

मी वीस मिनिटं आधी पोचले. दुसऱ्या दिवशी मालक पेढे घेऊन तिन्ही घरी गेले आणि दारावरून गेल्याबद्दल माफी मागून आले. काकूंनी नंतर सांगितलं म्हणून मला कळलं. ते स्वतः एवढंच म्हणाले होते, "पेपर सोपा गेला का? मग झालं."

जीप थांबली. मी डोकं वर काढलं. रस्त्याच्या मधोमध एक धिप्पाड माणूस हात वर करून उभा होता. त्याच्या मागे टायरांची चळत.

"दाजी," तो खिडकीत वाकून म्हणाला, "बाज कुणीकडं निघाली?"

आम्ही सगळ्यांनी एकदम खिडक्यांतून माना बाहेर काढून वर बघितलं. जीपच्या टपावर, लाल-निळी वाकळ पांघरून, चार पाय आभाळाकडे करून बाज पडलेली होती. मालकांची ती बाज पाच तालुक्यांत माहीत होती. भाच्याच्या लग्नात ती मांडवात होती, साडूच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या आवारात होती. आणि ती तीन गावांतून डोक्यावर मिरवत, आत आम्ही तोंडं लपवून बसलो होतो.

मालकांनी टॉवेल सोडला. "तुझ्याकडंच निघालोय की," ते म्हणाले.

तिथे चहा झाला, पोहे झाले. मालकांनी ओळख करून दिली, "हे आमचे यवतमाळकडचे पाहुणे." आईची ओटी भरली. आम्ही निघतानाच मेहुण्याने फोन लावलेला मला दिसला. मी त्यातला एकच शब्द ऐकला, "निघाले," आणि उरलेल्या दिवसाचं काय होणार ते मला कळलं.

पाचव्या दगडाजवळ एक म्हातारी रस्त्यावर खुर्ची टाकूनच बसली होती. तिच्याकडे ताक. सहाव्याकडे, म्हणजे आत्याच्या मुलाकडे, बारा वाजायला दहा कमी असताना पानं मांडलेली होती. ज्याचं गाव पाण्याखाली जाऊन वर आलं होतं त्याने आम्हाला ओसरीवरून खाली धरणात बोट दाखवून सांगितलं, "ते बगा, त्या दगडाच्या खाली आमचं जुनं घर. तिथंबी दादा न थांबता गेले न्हाईत कधी." मालक मान डोलावत जेवत होते. त्यांचा चेहरा मी नीट बघून घेतला. सकाळी नकाशा आखताना जो घाम आला होता तो आता कुठेच नव्हता. पाहुण्यांना टाळायची एवढी मोठी योजना करणारा हा माणूस पाहुण्यांत बसला की असा सैल व्हायचा.

बाबांनी मधे दोनदा प्रयत्न केला. आत्याच्या मुलाकडे हात धुताना मी त्यांना म्हणताना ऐकलं, "मालक, एक बोलायचं होतं. आमचं घर..." "घर काय, झकास करून टाकू," मालक म्हणाले, "पिस्ता लई उठून दिसंल." दुसऱ्यांदा जीपमधे बाबांनी घसा साफ केला, तर काकूंनी त्यांना आल्याची वडी दिली. बाबा अस्वस्थ झाले की त्यांची जुनी बोली वर येते. ते माझ्याकडे वळून कुजबुजले, "काहून जमत नाही बाप्पा मले हे?" मला हसू आलं आणि मग लगेच वाईटही वाटलं. त्यांना जे जमत नव्हतं ते माझ्या नोकरीसाठी होतं.

"तळ्यावर सांगतो," ते म्हणाले. "पक्कं."

सातवा दगड झाला. तिथे कणसं. आठव्याकडे, व्याह्यांकडे, आम्ही तीन वाजता पोचलो आणि तिथे सतरंजी अंथरलेली होती. व्याही इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते; सदऱ्यावरच्या घड्या बघून मी ओळखलं की तो चौथ्या दगडाच्या फोननंतर कपाटातून काढलेला आहे. मालक आणि व्याही समोरासमोर बसले. दोघांनीही आपापला रक्तदाब सांगितला. मग पाऊस, ऊस, मग पुन्हा रक्तदाब. नातवाने पाढे म्हटले. आईची आणखी एकदा ओटी भरली. तोवर तिच्या मांडीवर पाच नारळ, चार ब्लाउजपीस आणि एक भोपळा जमला होता.

निघालो तेव्हा साडेचार. समोर घाट दिसत होता. घाटाच्या वर तळं, तळ्यात होड्या, काठावर स्ट्रॉबेरीचं आइस्क्रीम. हे मला माहीत होतं, कारण मोबाईलवरच्या नकाशात ते सगळं होतं. मालकांनी घड्याळ बघितलं, घाट बघितला, आरशातून आईच्या मांडीवरचा भोपळा बघितला.

"वर जायाला तास. याला तास. उजेड ऱ्हायचा न्हाई," ते म्हणाले. "आन् नववा दगड ऱ्हायलाच की. तो तर घाटाच्या तोंडालाच हाय. लई बोलतो."

जीप मागे वळली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

साडेपाचला आम्ही पुन्हा तंबूंपाशी होतो. मालकांनी टपावरची बाज सोडली, पाण्याच्या अगदी काठाला नेऊन टाकली, आणि आम्ही पाचही जण तिच्यावर दाटीवाटीने बसलो. सुंभ करकरलं. काकूंनी चहा केला. सकाळचा नकाशा अजून मातीत तसाच होता. रेघ, नऊ दगड, आणि तळ्याच्या जागी ताटलीचा गोल ठसा. पाणी शांत होतं. कुणालाच काही खायचं नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. आईने भोपळा पायाशी ठेवला आणि पाय पसरले. मला वाटतं, अख्ख्या दिवसात आम्ही निवांत होतो ती ही वीस मिनिटं.

मालक पाण्याकडे बघत होते. बाबांच्या हिशेबाने हीच वेळ. आईने बाबांना कोपर मारलं. बाबांनी तोंड उघडलं.

"चहा," बाबा म्हणाले, "फार छान झालाय."

आईने कपाळाला हात लावला. उद्या सकाळी रंगारी पिस्ता रंगाचा डबा घेऊन आमच्या दारात उभा राहणार होता, आणि कदाचित आम्ही त्यालाही चहा देऊन आत घेणार होतो.

"तळं ऱ्हायलं तेवढं," मालक म्हणाले. त्यांना ते लागलं होतं. आम्हाला तळं दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. ते उठले, मातीतले नऊच्या नऊ दगड गोळा केले, लेंग्याला पुसले, आणि पाण्यात न टाकता बाजेखाली नीट रचून ठेवले. मग काठीने शेजारी नवी रेघ ओढायला लागले. ही रेघ सरळ होती.

"पुढच्या खेपेला ह्या बाजूला यायचंच न्हाई. सोलापूर रस्ता धरायचा. तिकडं आमच्या सात पिढ्यांत कुणी सोयरीक केली न्हाई. तिकडंबी तळी हायती, बक्कळ." त्यांनी रेघेवर एक टिंब काढलं. "हे हडपसर. हितं आपलं कुणी न्हाई. हितनं गाडी जी सुटंल ती थेट तळ्यावर. एकदम निवांत." ते माझ्याकडे वळले. "हितं दगड न्हाई ठेवायचा. लिहा तलाठी."

बाबा पाण्याकडे बघत होते. आई बाबांकडे बघत होती. काकू माझ्याकडे का बघत होत्या मला कळलं नाही. टिंबापाशी जमीन मोकळी होती. मी बाजेखाली हात घातला, रचलेल्या दगडांतला हाताला लागला तो एक उचलला आणि त्या टिंबावर ठेवला.

मालकांची काठी थांबली. "हा कुणाचा?"

माझा आवाज सुरुवातीला बारीकच निघाला, म्हणून मी तेच पुन्हा, मोठ्याने म्हणाले:

"काका, पुढच्या महिन्यापासून तुम्हाला हडपसरवरून निवांत जाता येणार नाही. तिथं आम्ही असू."